हातचा कुठून आला?

माझ्या टाचण वहीत, म्हणजे पाठाची आखणी लिहायच्या वहीत, एकच शेरा सात ठिकाणी आहे. लाल शाईत, पानाच्या तळाशी: ‘आत्मविश्वास वाढवावा.’ मराठीच्या पाठाखाली तोच, गणिताच्या पाठाखाली तोच, परिसर अभ्यासाखालीही तोच. निरीक्षणाला बसणारे अध्यापक दर वेळी वेगळे, वर्ग वेगळा, घटक वेगळा. डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक पदविकेच्या, पहिल्या वर्षी मी तो शेरा फार मनावर घेतला. खोलीवर आल्यावर भिंतीकडे तोंड करून पाठ म्हणायचे, आवाज चढवायचे, हातवारे बसवायचे. आवाज खरंच मोठा झाला. वर्गाच्या दारात गेल्यावर पोटात गोळा यायचा, तो मात्र काही हलला नाही.

दुसऱ्या वर्षी आंतरवासितेला, म्हणजे खऱ्या शाळेत शिकवण्याच्या सरावाला, बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातली, एका वस्तीवरची जिल्हा परिषद शाळा मिळाली. पहिली ते चौथी, पट ३८, खोल्या दोन, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्यात साठ पटापर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळं पहिली-दुसरी सरांकडं आणि तिसरी-चौथी बाईंकडं. मी बाईंच्या हाताखाली. हायस्कूलचा शिक्षक आपला विषय घेतो आणि पुढच्या वर्गावर जातो. इथं उलटं असतं. परिपाठ झाला की मराठी, मग गणित, खिचडीनंतर परिसर अभ्यास, इंग्रजी, चित्र, कार्यानुभव आणि शेवटी मैदानात खो-खो. माणूस तोच. मराठीच्या तासाला मला जी उभारी असायची, ती गणिताचं पुस्तक हातात घेतलं की कुठं जायची कळत नसे. आत्मविश्वास नावाची एकच गोष्ट असती आणि ती मला मराठीत मिळाली असती, तर गणितातही तीच पुरायला हवी होती. पुरत नव्हती.

महिनाभरानं एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती मला कुठल्याही पाठ्यघटकात शिकवलेली नव्हती. प्रत्येक विषयात मी बरोबर त्याच ठिकाणी अडखळत होते, जिथं लहानपणी मी त्या विषयात गप्प झाले होते. वय एकवीस, पण ते फक्त कागदावर. गणितात मी आठ वर्षांची होते. इंग्रजीत अकरा. गाण्यात नऊ.

गणितातलं मला तारखेनिशी नाही, पण प्रसंगानिशी सांगता येईल. तिसरीचा गट. फळ्यावर ५०४ वजा २३६. टाचण तोंडपाठ होतं. चारातून सहा जात नाहीत, म्हणून शेजारच्या घराकडून हातचा घेऊ. शेजारी शून्य आहे, त्याच्याकडं काही नाही, म्हणून त्याच्या शेजाऱ्याकडून घेऊ. उत्तर २६८. पोरं ‘हो मॅडम’ म्हणाली. मग ३०२ वजा १४७ सोडवायला देऊन मी वह्या बघत फिरले. निम्म्या वह्यांत २४५. मला वाटलं, लक्ष दिलं नाही. दोनदा बघितल्यावर दिसलं की लक्ष चांगलंच दिलं होतं. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केला होता: सातातून दोन गेले पाच, चारातून शून्य गेला चार, तिनातून एक गेला दोन. आडमुठेपणा नव्हता, त्यांच्यापुरता तो नियमच होता.

ज्या मुलीचं उत्तर १५५ आलं होतं, तिनंच विचारलं, “मॅडम, शून्याचा नऊ कामून झाला?”

मी म्हणाले, “तशी रीतच आहे, बाळा.”

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला ते ओळखीचे वाटले. हाच प्रश्न मी तिसरीत विचारला होता. हेच उत्तर मिळालं होतं. त्या दिवसानंतर मी गणिताला ‘का’ विचारलं नाही. रीत पाठ केली आणि दहावीला चांगले गुण घेतले. गुणपत्रिका बघून कुणी म्हणणार नाही की ही मुलगी तिसरीतच थांबली होती.

संध्याकाळी बाईंनी मला शाळेतले दोन मोडके खराटे दिले. “सारख्या काड्या मोडा,” एवढंच म्हणाल्या. रात्री तीनशेच्या वर काड्या मोडल्या. दहा-दहाला रबर लावून गठ्ठे, दहा गठ्ठ्यांना सुतळी. सकाळी वर्गात ठेवल्या, तर पोरांनी मोठ्या जुडग्याला लगेच नाव दिलं: पेंढी. कडब्याची पेंढी त्यांच्या रोजच्या नजरेतली. मग तीन पेंढ्या, गठ्ठा एकही नाही आणि दोन सुट्या काड्या जमिनीवर मांडल्या आणि म्हणाले, “ह्यातल्या मला १४७ द्या.”

एक मुलगा पुढं आला. सात सुट्या पाहिजेत, होत्या दोन. त्यानं गठ्ठा शोधला, गठ्ठा नव्हता. हात तसाच हवेत. वर्ग गप्प. टाचणात अशा वेळी ‘शिक्षक मार्गदर्शन करतील’ असं लिहिलेलं असतं. मी ओठ दाबून बसले. मग प्रश्न विचारणारी ती मुलगी सरकत पुढं आली आणि तिनं एका पेंढीची सुतळी ओढली. दहा गठ्ठे फरशीवर घरंगळले. त्यातला एक उचलून तिनं रबर काढलं, काड्या सुट्या केल्या. मग उरलेल्या गठ्ठ्यांकडं बघितलं आणि बोट लावून मोजले. नऊ. तिनं पुन्हा मोजले. नऊच. ती उठली, फळ्यापाशी गेली आणि शून्याच्या डोक्यावर बारीक नऊ लिहिला.

शून्याचा नऊ होताना मीही तेव्हा पहिल्यांदाच बघितला.

त्यानंतर गणिताच्या तासाला गोळा आला नाही असं नाही. पण आता मी गणिताला प्रश्न विचारायला लागले. दुसरीच्या पोरांना बावन्न लिहा म्हटलं की काही जण २५ लिहितात. त्यांच्या कानात आधी दोन पडतात, मग पन्नास; हातही त्याच क्रमानं चालतो. एकोणतीस सांगितलं की ३१ लिहिणारेही आहेत, कारण त्यांना ‘एक’ आणि ‘तीस’ ऐकू येतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘पन्नास दोन’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला होता. मी तेव्हा हायस्कूलला होते आणि मलाही ते मराठीची मोडतोड केल्यासारखं वाटलं होतं. आता दुसरीच्या मुलाशेजारी बसून त्याची पेन्सिल कुठं अडते ते बघितल्यावर माझं मत बदललंय. ‘पन्नास दोन, म्हणजेच बावन्न’ असं मी रोज म्हणते. बावन्न सोडायचं नाहीच, पण लेकराला तिथवर हाताला धरून न्यावं लागतं.

मराठीत मी अडकलेली नाही, असं मला वाटायचं. तोच माझा हक्काचा विषय. तिथंच माझ्या हातून सगळ्यात वाईट चूक झाली. चौथीतला एक मुलगा उभा राहून सांगत होता, “मॅडम, आमची म्हस कालपसून चाराच खाईना, आय लई रडायली.” मी मध्येच थांबवून म्हणाले, “म्हैस. आई. रडत आहे.” त्यानं तिन्ही शब्द माझ्यामागून म्हटले, खाली बसला आणि दिवसभर पुन्हा बोलला नाही. म्हशीचं काय झालं ते मला तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच मुलाकडून कळलं.

मधल्या सुट्टीत बाई म्हणाल्या, “आधी बोलू द्या. लिहिताना बघू.” त्या रागावल्या नव्हत्या, पण मला झोप लागली नाही. अकरावीला तालुक्याच्या गावी वसतिगृहात गेले तेव्हा मीही ‘जायले’, ‘करायले’ म्हणायचे. मुली हसल्या. आठ दिवसांत मी माझी बोली गिळून टाकली आणि त्यालाच प्रगती समजले. जे मी स्वतःवर केलं तेच त्या मुलावर केलं. आता फळ्याचे दोन भाग करते. एका बाजूला ‘घरात कसं म्हणता’, दुसऱ्या बाजूला ‘पुस्तकात कसं आहे’. कामून आणि का. लेकरू आणि मूल. पोरं घरून शब्द आणायला लागली, आजीचे शब्द आणायला लागली, असे की मला अर्थ विचारावा लागतो. तो मुलगाही बोलतो. म्हैस बरी आहे.

परिसर अभ्यासाची मला भीती अशी नव्हती, कारण पुस्तकात सगळं लिहिलेलं असतं, ही माझी समजूत. आंतरवासितेच्या पहिल्या टप्प्यात १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला एकानं विचारलं होतं, “१५ ऑगस्टला देश सुटला तर आपला झेंडा आज कामून?” तेवढं मला येत होतं. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, देश १९४७ ला मोकळा झाला तरी मराठवाड्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे आणखी तेरा महिने वाट बघावी लागली. हे सांगताना आवाज आपोआप भरला. आमच्या घरात रझाकारांच्या गोष्टी पणजोबांपासून आलेल्या आहेत. तिथं कुणी मला आत्मविश्वास वाढवा म्हणालं नसतं.

पण फेब्रुवारीत सावलीचा पाठ आला. मैदानात काठी रोवायची, दर थोड्या वेळानं सावलीच्या टोकाला दगड ठेवायचा. मी पोरांना ठासून सांगितलं, बरोबर बाराला सावली सगळ्यात लहान होणार. बाराला दगड ठेवला. बारा दहाला पोरांनी पुन्हा ठेवला, तर तो आणखी आत आला. बारा वीसला आणखी आत. खिचडीची घंटा झाली, पोरं ताटल्या घेऊन बसली, मी सुटले असं वाटलं. चौथीतला एक जण ताटली हातात घेऊनच काठीपाशी उभा होता. दर घासाला सावली बघत. एकच्या सुमाराला तो धावत आला.

“मॅडम, तुमचे बारा चुकलेत. बारा चाळीसला सगळ्यात बारीक झाली. आता वाढायली.”

मला क्षणभर वाटलं, काठी तिरकी असेल म्हणून सांगावं आणि दगड उचलायला लावावेत. दगड तसेच ठेवले. त्याला म्हणाले, “तुझा दगड बरोबर दिसतोय. माझं काय चुकलं ते उद्या सांगते.”

त्या रात्री सरांना फोन केला, जुन्या भूगोलाच्या वह्या काढल्या. आपल्या घड्याळातली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, मिर्झापूरजवळून जाणारी. केज ७६ अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. साडेसहा अंश म्हणजे सव्वीस मिनिटं. हे मी दहावीत सोडवलेलं होतं, उदाहरण म्हणून. ते आमच्या अंगणातल्या सावलीबद्दल आहे, हे कुणी म्हणालं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पण सव्वीसच होत होते, मुलाच्या दगडावर चाळीस होते. चौदा मिनिटं कुठं गेली? हा प्रश्न मला कुणी दिलेला नव्हता, आणि त्यासाठी मी रात्री साडेअकरापर्यंत जागी राहिले. सापडलं ते असं: पृथ्वी सूर्याभोवती थोड्या लांबट कक्षेत फिरते आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्य वर्षभर आपल्या घड्याळाबरोबर चालत नाही. कधी पुढं, कधी मागं. फेब्रुवारीच्या मध्यावर तो जवळजवळ चौदा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. सव्वीस आणि चौदा, चाळीस.

सकाळी पोरांना एवढंच सांगितलं की सूर्य आधी नागपूरवाल्यांच्या माथ्यावर येतो, मग आपल्या, आणि घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एक आहे. बाकीची चौदा मिनिटं त्या एका मुलासाठी वेगळी सांगितली. त्याला किती कळलं माहीत नाही, पण त्यानं विचारलं, “मग जूनमधी किती वाजता व्हईल?” मी म्हणाले, शाळा उघडली की बघू.

काठीच्या बुंध्यापासून त्या सर्वांत आतल्या दगडापर्यंत रेघ ओढली की ती खरी उत्तर दिशा. ही रेघ आम्ही चुन्यानं पक्की केली, आणि तिला धरून पुढं नकाशा काढायचा ठरलं. माझी चित्रकला कच्ची, साध्या आंब्याचं वांगं व्हायचं. बाईंनी एक जुनं नऊवारी लुगडं आणून दिलं आणि म्हणाल्या, अंबाजोगाई एवढी जवळ, दासोपंतांची पासोडी बघितली नाही का? सोळाव्या-सतराव्या शतकातला हा संतकवी पंचीकरणासारखा, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी झाली असा, अवघड विषय सुमारे ४० फूट लांब कापडावर आकृत्यांसकट मांडतो. म्हणजे कापडी तक्ता आपल्याच भागातला जुना आहे. आम्ही लुगड्यावर मांजरा काढली. पाटोद्याच्या डोंगरात उगम, मग आपलं धरण, मग लातूर, पुढं कर्नाटक, तेलंगण, आणि वळून उत्तरेला गोदावरीकडं. ७२४ किलोमीटर. नदीच असल्यामुळं रेघ वाकडी गेली तरी कुणी काही म्हणालं नाही, आणि माझा हात पहिल्यांदा मोकळा चालला.

नकाशाभोवती पोरं खडे ठेवत होती: आपली शाळा, मामाचं गाव, बाजार. एक मुलगा दिवाळीनंतर आजीपाशी राहतो; आई-वडील ऊसतोडीला. त्यानं खडा हातात धरून लुगड्यावर खूप वेळ जागा शोधली. मग तो उठला, कापडाच्या बाहेर गेला, पश्चिमेच्या बाजूला फरशीवर पाच-सहा पावलं मोजली आणि खडा तिथं ठेवला. “कारखाना हितं हाय,” म्हणाला. ट्रक रात्रभर कुठून कुठून जातो, ती गावंही त्यानं ओळीनं सांगितली. दिशा बरोबर होती. मी झाडू मारताना तो खडा बरेच दिवस तसाच ठेवला.

इंग्रजीबद्दल थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे माझ्या जन्माआधीपासून. तरी पाचवीत एक ओळ चुकीची वाचली आणि वर्ग हसला, तेव्हापासून मी मोठ्यानं वाचलेलं नाही. मी तो तास मैदानात नेला. ‘स्टँड’, ‘जंप’, ‘रन टू द नीम ट्री’. धावताना कुणी कुणाचे उच्चार ऐकत बसत नाही. आता आज्ञा पोरं देतात आणि मी धावते.

राहिलं गाणं. ते मी टाळत आले होते. परिपाठाला प्रार्थना, प्रतिज्ञा, समूहगीत होतं. मी पोरांच्या मागं उभी राहायचे. एक दिवस पहिलीतली एक छोटी मान वळवून मागं बघत राहिली आणि गीत संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, “मॅडम, तुम्ही गायनाच. नुसते व्हट हलवायलात.”

चौथीत स्नेहसंमेलनाच्या स्वागतगीताला मला मागच्या ओळीत उभं करून सांगितलं होतं, तू म्हणू नको, नुसते ओठ हलव. मी ते इतकं चांगलं शिकले की बारा वर्षं कुणाला कळलं नाही. मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी समजूत घातली नाही. “सोमवारी समूहगीत तुमचं,” म्हणाल्या.

शनिवारी घरी गेले. आमच्याकडं जातं अजून आहे, भरड काढायला लागतं. आजीला म्हणाले, मला एक ओवी शिकव. ती म्हणाली, बस समोर, खुंटा धर. मूठभर हरभरा घातला. तिनं सुरू केलं, मी नुसती फिरवत राहिले. चार-पाच फेऱ्यांनी हात आणि श्वास एका तालात आले, आणि शब्द कधी बाहेर पडायला लागले ते मला कळलं नाही. आजीनं गाणं थांबवून मला एकटीला म्हणू दिलं, हेही उशिरा ध्यानात आलं.

सोमवारी शाळेत जातं नव्हतं. पोरांना जोडीजोडीनं समोरासमोर बसवलं, गुडघ्याला गुडघा, दोघांच्या मुठी एकावर एक, जसा खुंटा धरतात. आधी नुसतं फिरवायचं. घरघर तोंडानं. मैदानात एकोणीस जाती फिरायला लागली. माझ्यासमोर कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाई येऊन बसल्या आणि त्यांनी मुठी पुढं केल्या.

मी पहिली ओळ म्हटली. फार खाली धरली होती, पोरांनी ती वर उचलून म्हटली. दुसऱ्या ओळीला माझा आवाज फाटला. ती छोटी माझ्याकडं बघत होती, पण तिचे हात थांबले नाहीत, कुणाचेच थांबले नाहीत. बाईंनी खुंटा त्यांच्या बाजूला ओढला, मग माझ्याकडं ढकलला. मी श्वास घेतला आणि तिसऱ्या ओळीला त्यांच्या सुरात शिरले.